घड्याळाविरुद्धची तक्रार मागे घेत आहे

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच केला आहे, पण मनानं पूर्ण आडवी झाले आहे. या वेळी तशी गरज आहे.)

तुमची प्रकृती कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारते आणि तुम्ही दर वेळी "उत्तम" असं एका शब्दात कळवता, म्हणून या वेळी तोच प्रश्न सुटा करून विचारते. झोप लागते का? जेवण जातं का? जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या न्याहाळण्याची नवी आवड अजून टिकून आहे का? मामीनं कळवलं होतं की तुम्ही हल्ली रोज तिथे दोन-दोन मिनिटं उभे असता आणि शेजारीणबाईंना वाटतं तुमचा त्यांच्या रोपांवर डोळा आहे. (मामी, तुझी कंबर कशी आहे?) मला माहीत आहे की हे पत्र मामी मोठ्यानं वाचते आहे आणि तुम्ही डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडून बसला आहात. कान इकडे आहेत, पण नाहीत असं दाखवता आहात. चार महिने तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. फोनवर मामीच्या मागून तुमचा खोकला तेवढा ऐकू येतो, आणि तो रुसलेला खोकला आहे हे ओळखण्याइतकं शिक्षण माझं नक्की झालं आहे. तेव्हा आधी मुद्द्याचं सांगते. तुमचं घड्याळ बरोबर होतं. चूक माझी होती. पुढची पानं म्हणजे या एका वाक्याची हकिकत आहे, आणि शेवटी एक विनंती आहे. ती शेवटीच आहे. मामी, मध्येच पान उलटू नकोस.

भांडण तुम्हाला आठवत असेलच, पण गुन्हा कबूल करायचा तर तो नीट मांडावा लागतो. मी फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमाला लागले तेव्हा तुम्ही स्वतःच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून मला दिलंत. नाडी मोजायची तर सेकंद काटा हवा, आणि काटा हवा तर तो तुमच्या हाताखालून गेलेला हवा, असं तुमचं म्हणणं होतं. चार महिन्यांपूर्वी मी सुटीला आले (सुटी म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेत नापास होऊन) आणि दिसेल त्याचं मनगट धरून सराव करत सुटले. मामीची नाडी तीनदा मोजली. शहात्तर, शहात्तर, शहात्तर. मग तुमची मोजली. बहात्तर, शहाण्णव, चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, मामा, काटा अडखळतो आहे. तुम्ही घड्याळ परत घेतलंत, दोन दिवस उघडून ठेवलंत, साफ केलंत, तेल दिलंत, पुऱ्या एक दिवस भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशेजारी टांगलंत आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवून म्हणालात, "चोवीस तासांत एक सेकंद नाही. दोष घड्याळात नाही, बोटांत आहे." मी नुकती नापास झालेली. बोटांबद्दल कुणी बोललेलं मला खपत नव्हतं. मीही म्हणाले, "मग तुमच्याच हातावर का चुकतं?" त्यावर मामी म्हणाली की यांना घड्याळंसुद्धा घाबरतात. मी आणि मामी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तेव्हापासून खोकला.

आता नापास कशी झाले ते. (घरी मी "पेपर अवघड होता" एवढंच सांगितलं होतं. पेपर नव्हताच.) आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक लांब बोळ असतो. बोळात अकरा दारं. प्रत्येक दाराआड एक खोली, खोलीत एक तपासणीचं टेबल, एक भिंतीवरचं घड्याळ, एका बाजूला आरसा, आणि त्या आरशापलीकडे बसून आम्हाला बघणारे परीक्षक डॉक्टर; माझ्या वाट्याला दोन्ही वेळा आमच्या बाईच आल्या. खोलीतला रुग्ण खरा नसतो. कॉलेज त्यासाठी माणसं नेमतं आणि प्रत्येकाला एक कार्ड पाठ करायला देतं: तुम्हाला काय होतंय, कधीपासून, विचारलं तरच काय सांगायचं आणि विचारलं तरी काय सांगायचं नाही. आपण नाडी खरी धरायची, रक्तदाब खरा बघायचा, पण आकडा आपला धरायचा नाही. रुग्ण खिशातून चिठ्ठी काढून देतो, त्यावर लिहिलेला आकडा धरायचा. पंधरा मिनिटांनी घंटा होते. घंटेनंतर उच्चारलेल्या शब्दाला गुण नाहीत. मागच्या वेळी माझ्या वाट्याला खोकल्याचा रुग्ण होता. मी त्यांना विचारलं, घरी कोण कोण असतं. ते म्हणाले, कबुतरं. मग मी कबुतरांबद्दल विचारलं. (हे योग्यच होतं, कबुतरांचा आणि छातीचा संबंध असतो.) पण पांढऱ्या कबुतराचं नाव काय इथपर्यंत पोचले आणि घंटा झाली. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला. गुणपत्रिकेवर बाईंनी लिहिलं होतं: "संभाषण उत्तम. तपासणी नाही." संधी दोनच असतात. दुसऱ्यांदा गेलं की वर्षभराचं वॉर्डातलं काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे या सोमवारी माझं अख्खं एक वर्ष त्या बोळात टांगलेलं होतं.

त्यात आम्ही शिकतो ते नेमकं काय, हे अजून आमच्या घरातही कुणाला ठाऊक नाही. आई नातेवाइकांना सांगते की डॉक्टरच आहे, फक्त नाव लांब आहे. माझ्या घरमालकीणबाईंची समजूत आहे की मी डॉक्टरांची बॅग उचलते, आणि त्या हिशेबानं त्या मला गच्चीवरच्या जड वस्तू हलवायला बोलावतात. आमच्या वर्गात एक बाई आधी रुग्णवाहिका चालवत होत्या, एक जण शाळेत गणित शिकवत होता, मी ग्रंथालयात पुस्तकं लावत होते. अठ्ठावीस महिन्यांत आम्हाला शरीराची इतकी माहिती दिली गेली की रात्री कूस बदलताना कुठला स्नायू कामाला लागला हे आपोआप आठवतं. वॉर्डात मी एखाद्या आजोबांना वीस मिनिटं तपासते, सगळं विचारते, पोट दाबून बघते, औषधांची यादी करते, आणि आजोबा प्रेमानं म्हणतात, छान तपासलंस बाळ, आता डॉक्टरांना बोलाव. डॉक्टर येतात, माझा कागद वाचतात, तीच तीन वाक्यं म्हणतात आणि आजोबांना जागच्या जागी बरं वाटतं. मला याचं वाईट वाटत नाही. (पहिल्या वर्षी वाटायचं.) तुम्ही अकरा वर्षं तुमच्या गुरूंच्या दुकानात मदतनीस होतात आणि सगळी अवघड घड्याळं तुमच्या हातून दुरुस्त होऊन गुरूंच्या नावानं जायची. मी प्रवेश घेतला तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "असिस्टंट म्हणजे ज्याला सगळं येतं आणि ज्याची सही चालत नाही." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. परीक्षक बाईंनी एकदा ते वाचलं. सगळं येतं हे शब्द खोडून त्यांनी "कधी हाक मारायची ते येतं" असं लिहिलं. त्या वेळी मला तो खडूसपणा वाटला होता.

तर सोमवार. माझ्या दाराआड नटकाका निघाले. नटकाका म्हणजे आमच्याकडचे सर्वांत जुने नकली रुग्ण. आयुष्यभर नाटकांत दुय्यम भूमिका केल्या, आता आमच्याकडे छातीदुखी करतात. म्हणजे करायचे. त्यांची छातीदुखी इतकी नामांकित होती की वरच्या वर्गातली मुलंही बघायला यायची. पण ती दर वर्षी वाढत गेली, आणि मागच्या वर्षी ते टेबलावरून खाली कोसळले, जे कार्डावर नव्हतं, आणि एक विद्यार्थिनी रडत बाहेर पळाली. तेव्हा बाईंनी त्यांच्याकडून छाती काढून घेतली आणि गुडघा दिला. नटकाकांना ते फार लागलं. तरी त्यांनी तीन आठवडे गुडघ्याची तालीम केली होती. मी आत गेले तेव्हा ते असे बसले होते की त्यांच्या पलीकडे बसलेला सगळा प्रेक्षकवर्ग मला दिसला.

मी या वेळी घड्याळ लावूनच बोलायचं ठरवलं होतं. हात धुतले. सक्तीचं वाक्य म्हटलं. (ते न म्हटलं तर दोन गुण जातात: "नमस्कार, मी डॉक्टर नाही, मी फिजिशियन असिस्टंट आहे, तुम्हाला तपासून मी माझ्यावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरांशी बोलेन." आता ते इतकं तोंडात बसलं आहे की परवा भाजीवाल्यालाही म्हणाले.) गुडघा कधीपासून, कुठल्या बाजूला, जिना उतरताना की चढताना, हे चार मिनिटांत संपवलं. घरी कोण असतं हे विचारलंच नाही, ओठ दाबून धरले. मग गुडघ्याला हात लावायच्या आधी नाडी धरली. नटकाकांनी चिठ्ठी पुढे केली: बहात्तर, नियमित. मी चिठ्ठी घेतली, पण बोटं मनगटावर राहिली, आणि बोटांखाली बहात्तर नव्हते. दोन ठोके लगबगीनं आले. मग थांबा. मग तीन, एकमेकांच्या पायांत पाय घालून. मग असा थांबा, की जणू कुणी दार उघडायला उठलं. मी तुमच्या घड्याळाकडे बघून पुरतं एक मिनिट मोजलं. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजलं. एकशे चार.

आणि मामा, मी तुम्हाला शिव्या दिल्या. मनातच, पण भरपूर. म्हटलं, आज, नेमक्या आज हा काटा अडखळला. दोन मिनिटं गेली ती तुमच्या नावावर टाकली. कार्डावरचा आकडा लिहून गुडघ्याकडे वळायचं मी ठरवलंही होतं, आणि वळताना सहज भिंतीकडे बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा आणि माझ्या मनगटावरचा काटा एकत्र चालत होते. पावलाला पाऊल लावून, सहलीला निघालेल्या दोन शिक्षकांसारखे. मी पाच सेकंद बघितलं, वीस सेकंद बघितलं. त्या खोलीत दोन घड्याळं बरोबर होती आणि एक माणूस चुकत होता.

सात मिनिटं उरली होती. गुडघा तसाच होता, आणि गुडघ्याला अकरा गुण. मी म्हटलं, काका, हे कार्डावरचं नाही, तुमची नाडी खरोखर अनियमित लागते आहे, तुम्हाला कुणी कधी सांगितलं आहे का? नटकाका मुरलेले. विद्यार्थ्यानं कितीही फसवलं तरी भूमिका सोडायची नाही ही त्यांची नेमणुकीची अटच आहे. ते म्हणाले की त्यांचा गुडघा दुखतो. मी म्हटलं, गुडघा राहू दे, मी खरं बोलते आहे. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं त्याला मी आनंदच म्हणेन. त्यांना वाटलं, छाती परत मिळाली. ऐनवेळी कार्ड बदललं असेल, बाईंना चूक उमगली असेल. त्यांनी डावा हात सावकाश छातीवर नेला, डोळे अर्धवट मिटले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "इथे. हत्ती बसल्यासारखं." मी म्हटलं, काका, नका, खरं सांगा. त्यांनी आणखी खरं सांगितलं. आरशापलीकडे बाईंनी (हे मला नंतर कळलं) नटकाकांच्या नावापुढे लाल शेरा मारला: पुन्हा छाती.

आता एका खऱ्या रुग्णाला खरा आजार असल्याचं पटवायला मला साडेपाच मिनिटं होती, आणि तो प्रत्येक वाक्याला अधिक सुंदर खोटं बोलत होता. खोलीबाहेर पडणं नियमात बसत नाही. आरशाला हात लावणं तर मुळीच नाही. मी दोन्ही केलं. आधी आरशावर टकटक केली, तर आतून काहीच आलं नाही, म्हणून बाहेर गेले, बोळातून वळसा घातला, बाईंचं दार उघडलं आणि सक्तीचं वाक्य म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, मी डॉक्टर नाही, मी फिजिशियन असिस्टंट आहे, आणि मला माझ्यावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं आहे. बाई म्हणाल्या, तुझी परीक्षा चालू आहे. मी म्हटलं, "परीक्षा बाजूला ठेवा, त्यांची नाडी धरा."

बाई आल्या. नटकाकांनी त्यांना बघून हत्ती आणखी थोडा जड केला. बाईंनी मनगट धरलं. घंटा झाली. अकराही दारं उघडल्याचा आवाज आला, बोळातून मुलं गेली, कुणी हसलं, कुणी नाक ओढलं. बाईंनी मनगट सोडलं नाही. मग त्या खाली वाकून नटकाकांच्या कानाशी म्हणाल्या, "आता नाटक पुरे. खरं बोला, दमता का तुम्ही?" आणि नटकाकांनी हात छातीवरून काढला, ताठ बसले आणि अगदी साध्या आवाजात, असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, म्हणाले की हो, दमतो, जिन्यात थांबावं लागतं, वय झालं म्हणून कुणाला सांगितलं नाही.

त्यांना तिथूनच वॉर्डात नेलं. ईसीजीच्या कागदावर ठोके तसेच निघाले, मन मानेल तसे पडलेले. बाईंनी सांगितलं की असं हृदय चालत राहतं, पण त्यात रक्त साकळून गाठ होऊ शकते आणि ती डोक्याकडे गेली तर माणूस एका बाजूनं लुळा पडतो. वेळेवर कळलं तर पुष्कळांचं गोळ्यांवर भागतं. नटकाकांचं वेळेवर कळलं. मात्र त्यांना चिंता वेगळीच होती. मंगळवारी सकाळी मी भेटायला गेले तेव्हा ते बाईंशी वाद घालत होते. माझ्या गुणपत्रिकेवर गुडघ्यापुढे शून्य पडलं होतं आणि त्यांना ते मंजूर नव्हतं. माझी काळजी हे कारण नव्हतंच. तीन आठवडे तालीम केलेला गुडघा कुणीही न बघता जातो हे त्यांना सहन होईना. शेवटी बाईंनी दुपारी तिथेच, खाटेवर, परीक्षा घेतली. नटकाकांनी असा गुडघा केला की शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी नर्सला हाक मारून त्यांच्यासाठी वेदनाशामक मागितलं. मी नाडी धरली तेव्हा त्यांनी खिशातून नवी चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: स्वतः मोज.

आज बुधवारी सकाळी निकाल लागला. पास झाले, मामा. गुडघ्याला अकरापैकी नऊ. खोलीबाहेर गेल्याचे तीन कापले, आरशाला हात लावल्याचा एक. पण त्या पत्रिकेत एक रकाना असतो, "देखरेख करणाऱ्या डॉक्टरांना योग्य वेळी बोलावले", तिथे आम्ही सगळे शेवटच्या मिनिटाला वाक्य टाकून देतो आणि पाचातला एक मिळवतो. तिथे मला पाच आहेत. बाईंनी बाजूला लिहिलं आहे: "संभाषण कमी. हाक वेळेवर." आईला फोन केला, ती म्हणाली, म्हणजे आता डॉक्टर झालीस. मी म्हटलं, नाही, आई. ती म्हणाली, बरं, मी तसंच सांगेन.

मामीला नमस्कार. तुमचा राग उतरला असेल असं समजते, आणि उतरला नसेल तर तो घेऊनच पुढचं ऐकावं.

तुमची,
भाची

ता. क. : विनंती ही. येत्या शुक्रवारी सकाळी दहाला तुमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तुमच्या नावानं वेळ घेतली आहे. (म्हणूनच पत्र कुरिअरनं पाठवते आहे, उद्या पोचेल.) ईसीजीला पाच मिनिटं लागतात, दुखत नाही. मी डॉक्टर नाही, मी फिजिशियन असिस्टंट आहे (परवाना यायचा आहे, म्हणजे अजून तेवढीही नाही), म्हणून तुम्हाला काय झालं आहे ते मी सांगणार नाही, काही झालं आहे असंही म्हणणार नाही. एवढंच सांगते. मामीची शहात्तर, शहात्तर, शहात्तर. तुमची बहात्तर, शहाण्णव, चौऱ्याऐंशी. घड्याळ तेच होतं आणि बोटंही तीच. घड्याळ तुम्ही तपासलंत. बोटं बाईंनी तपासली. राहिलं काय ते तुम्हीच काढा, बिघाड शोधण्यात तुमचा हात कुणी धरत नाही. "मग तुमच्याच हातावर का चुकतं?" हा प्रश्न मी चार महिन्यांपूर्वी बरोबर विचारला होता, फक्त टोमणा म्हणून विचारला आणि उत्तराला थांबले नाही. त्याची माफी मागायला एवढं लांब पत्र लागलं.

ता. क. २ : मामी, हे मोठ्यानं वाचू नकोस. सोमवारी संध्याकाळी मी फोन केला होता तो यासाठीच, पण मागून त्यांचं "सांग तिला, कामात आहे" ऐकून कळलं की फोनवर ते एका शब्दात "उत्तम" म्हणतील आणि विषय संपेल. पत्र मात्र तू सुरू केलंस की त्यांना शेवटपर्यंत बसावंच लागतं. घाबरू नकोस. ते नाही म्हणाले तर त्यांना एवढंच सांग की त्या दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं मागे आहे आणि सहा महिन्यांत कुणाला ते लावता आलेलं नाही. ते जातील.

ता. क. ३ : मामा, मामीनं वरचं वाचलंच असणार. घड्याळ खरोखर मागे आहे, मी दवाखान्यात फोन करून खात्री केली आहे. शुक्रवारी साडेनऊला मी पहिल्या मजल्यावर कुंड्यांपाशी उभी असेन. तिथे थांबायचं असेल तर दोघं थांबू, शेजारीणबाईंना काय वाटायचं ते वाटू दे. दवाखान्यात गेल्यावर आधी ईसीजी, मग घड्याळ. स्टुलावर मी चढेन, तुम्ही खालून सांगायचं. असिस्टंट मी आहे.